महिलांच्या स्पर्धेत 'मिस चेस'चं बक्षीस ठेवावं का?

तिरपा_उंट :

मत हवंय. शक्यतो ज्यांनी स्पर्धा भरवल्यात किंवा पंच म्हणून काम केलंय त्यांचं.

महिलांची फिडे रेटिंग स्पर्धा आहे, म्हणजे जिचे निकाल जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या (फिडे) रेटिंगमध्ये, खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात, धरले जातात. नऊ फेऱ्या, स्विस पद्धत (कुणी बाद होत नाही, दर फेरीला साधारण सारख्या गुणांच्या जोड्या लागतात), प्रत्येकीला नव्वद मिनिटं अधिक दर चालीला तीस सेकंद. प्रवेशिका शंभर-सव्वाशे येतील आणि त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुली असतील. मुख्य बक्षिसांचे पैसे उभे राहिलेत. आता सौंदर्यप्रसाधनं विकणारा एक प्रायोजक वेगळे ५०,००० रुपये द्यायला तयार आहे. त्याची अट अशी, की सगळ्या खेळाडूंचे फोटो स्पर्धेच्या पानावर टाकायचे, लोकांनी आठवडाभर मतं द्यायची आणि समारोपाला 'मिस चेस'चा मुकुट चढवायचा.

समितीत दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, महिला बुद्धिबळाकडे एरवी कुणी ढुंकून बघत नाही, या निमित्ताने चार लोक बघतील. दुसरा म्हणतो, बघतील, पण पट सोडून बाकी सगळं बघतील.

असं आधी कुठे झालंय का, आणि त्यातून खेळाडूंच्या हाती काय पडलं? नियमांत बसतं का? आणि नाही म्हणायचं ठरलं तर प्रायोजक हातचा जाऊ नये म्हणून त्याला बदल्यात काय द्यावं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण 'हे चूक आहे' एवढं सांगून ५०,००० रुपये मिळत नाहीत.

---

पटावरची :

झालंय. २००५ च्या सुमाराला इंटरनेटवर 'वर्ल्ड चेस ब्यूटी कॉन्टेस्ट' नावाचं संकेतस्थळ निघालं होतं. महिला खेळाडूंचे फोटो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांना गुण द्यायचे. त्यामागे व्लादिस्लाव तकाचेव होता, तेव्हा फ्रान्सकडून खेळणारा चांगला तगडा ग्रँडमास्टर (हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब). म्हणजे ही टूम बाहेरच्या कुणा जाहिरातवाल्याची नव्हती, खेळातल्याच माणसाची होती. युक्तिवाद तुमच्या समितीतल्या पहिल्या तटाचाच: टेनिसला जशी झळाळी आहे तशी बुद्धिबळाला हवी.

या बाजूने बोलणारे हमखास अलेक्झांड्रा कोस्टेनियुकचं उदाहरण देतात, म्हणून तिची कारकीर्द नीट लावून बघा. २००१ मध्ये सतराव्या वर्षी ती मॉस्कोत महिला विश्वविजेतेपदाची अंतिम लढत खेळली आणि टायब्रेकमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा डावांत) चीनच्या झू चेनकडून हरली. मासिकांची रांग लागली ती त्यानंतर. २००४ मध्ये ग्रँडमास्टर (महिला ग्रँडमास्टर नव्हे, पूर्ण). २००८ मध्ये रशियातल्या नालचिकला चीनच्या हू यिफानला हरवून विश्वविजेती. २०२१ मध्ये सोचीला महिला विश्वचषक. तिने मॉडेलिंग केलं, स्वतःच्या नावाचं संकेतस्थळ चालवलं, पुस्तकं काढली. पण फोटो कोणता, कधी, कुठे, किती पैशांत, हे ती ठरवत होती. तिला कुणी मुकुट देऊन खेळाडू केलं नाही. तुमच्या प्रस्तावात शंभर मुलींपैकी एकीच्याही हातात यातलं काहीच नाही.

आणि हा विषय फक्त मुकुटाचा नाही. दर काही वर्षांनी तो वेगळं नाव घेऊन येतो. २०१२ मध्ये तुर्कस्तानात गाझियान्तेपला युरोपियन महिला अजिंक्यपद झालं तेव्हा युरोपियन संघटनेने पोशाखाचे नियम आणले. शर्टाची वरून दुसऱ्या क्रमांकापर्यंतची बटणं उघडी चालतील, इथपर्यंत लिहिलं होतं! अजिंक्यपद कोण जिंकलं हे त्या महिन्यात किती वाचकांना कळलं असेल कुणास ठाऊक, बटणांची बातमी मात्र सगळीकडे होती. २०२१ मध्ये फिडेने महिला बुद्धिबळासाठी मोटिव्हा हा प्रायोजक आणला, जो स्तनरोपणाचं साहित्य बनवतो. पुन्हा तेच. चर्चा भरपूर, डावांबद्दल अक्षर नाही.

आता आपल्या घरचं. जानेवारी २०२४, नेदरलँड्समधलं वाइक आन झे, टाटा स्टील स्पर्धेचा चॅलेंजर्स, म्हणजे दुसऱ्या फळीचा गट. नागपूरची दिव्या देशमुख तेव्हा अठरा वर्षांची. स्पर्धा संपल्यावर तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं, की आपल्याला अभिमान वाटावा असे काही डाव झाले, पण प्रेक्षकांचं लक्ष कपडे, केस, बोलण्याचा ढब असल्या गोष्टींवरच होतं. लक्षात घ्या, तिथे सौंदर्यस्पर्धा नव्हतीच. मतदान नाही, मुकुट नाही, तरी हा अनुभव. तुम्ही तर त्याच बघण्याला गुणतक्ता आणि बक्षीस जोडताय.

त्याच वर्षी जूनमध्ये दिव्या गांधीनगरला मुलींची जागतिक ज्युनियर विजेती झाली, सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये तिसऱ्या पटावर ११ पैकी ९.५ गुण, संघाचं आणि वैयक्तिक दोन्ही सुवर्ण. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक घेतला आणि त्याचबरोबर ग्रँडमास्टर किताब. तिच्याबद्दल आता डावांवरूनच बोलावं लागतं. पण तुमच्या स्पर्धेतल्या सोळाशे-सतराशे रेटिंगच्या मुलीकडे असा निकालांचा ढिगारा नाही. तिच्या नावाने शोधलं तर जे पहिलं सापडेल ते तुम्ही टाकलेलं मतदानाचं पान असेल. पुढची कित्येक वर्षं.

---

घोडा_अडीच_घरं :

पटावरची ताईंचा इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष थोडा सोवळा वाटतो.

पैशांकडे बघू. २०२४ ला टोरंटोत कँडिडेट्सचे (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) दोन्ही गट एकाच छताखाली झाले; खुल्या गटाचा बक्षीसनिधी ५ लाख युरो, महिलांचा अडीच लाख. २०२५ मध्ये दिव्याला विश्वचषकाचे ५०,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला १,२०,०००. हे शिखरावरचं. बावीसशे रेटिंगच्या महिला खेळाडूला नुसत्या बक्षिसांवर प्रशिक्षक, प्रवास, परदेशी स्पर्धा जमतच नाहीत. मग उत्पन्न कुठून? शिकवणी, समालोचन, स्ट्रीमिंग, जाहिरात. अलेक्झांड्रा बोटेझचा किताब महिला फिडे मास्टर, ग्रँडमास्टरच्या बराच खालचा, पण तिने आणि तिच्या बहिणीने स्ट्रीमिंगवर जो प्रेक्षक मिळवला तो बहुतेक ग्रँडमास्टरांना मिळालेला नाही. आपल्याकडे तानिया सचदेव खेळाडूही आहे, समालोचकही आहे आणि तिला रेड बुलचं प्रायोजकत्व मिळालंय. दिसणं, बोलणं, कॅमेऱ्यासमोर सहज असणं हा त्यातला भाग आहेच. नाही म्हणणं ढोंगीपणाचं.

नॉर्वे चेसने २०२४ पासून महिला गटाला खुल्या गटाइतकाच बक्षीसनिधी दिला, चांगलं केलं. पण तसा प्रायोजक तुमच्या-आमच्या जिल्ह्यात उगवत नाही. इथे सौंदर्यप्रसाधनांचं दुकानच येतं.

अठरा पूर्ण झालेल्या, स्वतःहून नाव देणाऱ्या खेळाडूंपुरतं ठेवलं तर काय बिघडतं?

---

सांख्यिकी_काका :

या वादात आकडे फार क्वचित येतात, म्हणून तीन अभ्यास. तिन्ही प्रसिद्ध आहेत, तिन्ही चुकीच्या पद्धतीने सांगितले जातात.

पहिला थेट विषयावरचा. २०१३ मध्ये ड्रेबर, गेर्डेस आणि ग्रेन्समार्क या स्वीडनमधल्या अभ्यासकांनी सहाशेहून अधिक खेळाडूंच्या फोटोंना आकर्षकतेचे गुण देऊन घेतले आणि ते त्यांच्या प्रत्यक्ष डावांशी ताडून बघितले. डाव किती जोखमीचा हे सलामीवरून, म्हणजे सुरुवातीच्या चालींवरून ठरवलं. कोणती सलामी आक्रमक आणि कोणती सावध हे जाणकारांनी आधी वर्गवार लावून दिलं होतं. निष्कर्ष असा, की समोर आकर्षक स्त्री असेल तर पुरुष जास्त जोखमीच्या सलामी निवडतात, आणि त्याने त्यांचा खेळ काही सुधारत नाही. स्त्रियांमध्ये असा फरक आढळला नाही. यावरून कुणी 'सुंदर असणं हा पटावरचा फायदा' असं सांगितलं तर तो निष्कर्ष त्या अभ्यासाचा नव्हे. तिथे मोजलं ते पुरुषांचं वागणं. तुमच्या स्पर्धेत तर दोन्ही बाजूंना स्त्रियाच आहेत, त्यामुळे याचा उपयोग एवढाच, की चेहऱ्याकडे लक्ष गेलं की पटावरचे निर्णय बदलू शकतात हे कळतं.

दुसरा २००८ चा, इटलीत आन मास आणि सहकाऱ्यांनी केलेला. स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या, ताकद जुळवलेली, डाव इंटरनेटवर. समोर पुरुष आहे हे माहीत असताना, आणि पुरुष यात सरस असतात हा समज जागा केलेला असताना, स्त्रियांचा खेळ घसरला आणि जास्त बचावात्मक झाला. त्याच स्त्रियांना समोर स्त्री आहे असं वाटलं तेव्हा त्यांनी बरोबरीचा खेळ केला. नमुना लहान आहे हे मान्य. पण खेळाडूला तिच्या गटाची ओळख डावाच्या तोंडावर आठवून देणं महाग पडू शकतं, ही दिशा तुमच्या प्रश्नाला लागू आहे. सहाव्या फेरीला बसताना 'आपण फोटोच्या यादीत एकोणसत्तराव्या आहोत' हे डोक्यात घेऊन मुलगी बसेल. आणि पहिल्या क्रमांकाची मुलगीसुद्धा, बरं का.

तिसरा २००९ चा, बिलालिच आणि सहकाऱ्यांचा. जर्मन संघटनेच्या नोंदी, पुरुष आणि स्त्रियांचं प्रमाण साधारण १६ ला १. वरच्या शंभर पुरुष आणि शंभर स्त्रियांच्या रेटिंगमधला जो फरक दिसतो, त्यातला ९६ टक्के भाग केवळ संख्येच्या फरकाने समजावता येतो, असं त्यांनी दाखवलं. मोठ्या गटातून टोकाचे नमुने जास्त निघतात, साधं संख्याशास्त्र. मुली कमी का येतात किंवा मध्येच का सोडतात, हे त्यात नाही, आणि त्यावर टीकाही झाली आहे. तरीही आयोजकाने यातून एक गोष्ट घ्यावी. पैसा पायाशी घाला. दहाव्या वर्षी आलेली मुलगी सोळाव्या वर्षी पटावर असेल का, हा हिशेब मुकुटाने सुटत नाही.

---

घड्याळ_थांबवा :

पंचाच्या खुर्चीतून.

फिडेच्या खेळाच्या नियमांत सौंदर्य पुरस्काराला बंदी घालणारं कलम नाही. त्यामुळे 'नियमांत बसत नाही' असं प्रायोजकाला सांगू नका, तो नियमावली उघडेल आणि तुम्ही तोंडावर पडाल. पण कलम ११.५ आहे: प्रतिस्पर्ध्याचं लक्ष कोणत्याही प्रकारे विचलित करणं किंवा त्याला त्रास देणं निषिद्ध. ते खेळाडूंसाठी आहे. खेळण्याच्या जागेतली शांतता आणि योग्य परिस्थिती मात्र पंचाने बघायची असते. फेरी चालू असताना मतांसाठी फोटो काढत फिरणारा छायाचित्रकार मी तरी आत सोडणार नाही. साधारण रिवाज असा, की पहिली पाच-दहा मिनिटं फोटो, फ्लॅश नाही, नंतर सगळे बाहेर.

पोशाखाचंही सांगतो, कारण मुकुट आला की 'शोभेल असा' पोशाख मागून येतोच. डिसेंबर २०२३ मध्ये समरकंदच्या जागतिक जलद आणि अतिजलद स्पर्धेत आना-माया कझारियन या डच खेळाडूला बुटांवरून १०० युरो दंड झाला. पंचांच्या मते ते खेळाचे बूट होते. त्यानंतरच्या वर्षी न्यूयॉर्कला माजी विश्वविजेता मॅग्नस कार्लसन जीन्स घालून खेळला, २०० डॉलर दंड. पोशाखाचा नियम करायचा तर वस्तूंची नावं लिहा: चप्पल नको, टोपी नको, जाहिरातीचा शर्ट अमुक आकारापर्यंत. 'शालीन', 'आकर्षक' असले शब्द पत्रकात घातले की प्रत्येक तक्रार पंचाच्या आवडीनिवडीवर येते. आणि पोशाख लादण्याची किंमत पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने २०१८ मध्ये दाखवून दिलीच आहे. इराणमधल्या हमदानला आशियाई सांघिक स्पर्धेत डोक्यावर रुमाल सक्तीचा होता, तिने संघातून नाव मागे घेतलं.

आता मतदानात प्रत्यक्ष काय बिघडतं.

मतं विकत मिळतात. हजार मतं आपोआप टाकणारे प्रोग्राम, म्हणजे बॉट, काही शे रुपयांत येतात. दुसऱ्या दिवशी पालकांची पहिली तक्रार त्याचीच असेल, आणि तुमच्याकडे पडताळणीचं साधन नसेल.

फोटोखालच्या प्रतिक्रिया. सव्वाशे फोटो, आठवडाभर, चोवीस तास. कुणीतरी त्या उडवत बसलं पाहिजे. रात्री दोनला आलेली घाण सकाळी नऊला उडवली, तर सात तास ती तेराव्या वर्षाच्या मुलीच्या फोटोखाली होती. पडद्याचा फोटो काढून ती कुठेही जाते.

वय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. प्रवेशिकेवर तळाशी बारीक अक्षरात 'फोटो वापरण्यास हरकत नाही' छापून भागत नाही. निकालाच्या बातमीतला फोटो वेगळा, जाहिरातीतला वेगळा, मतदानातला तिसरा; प्रत्येकाला वेगळी खूण हवी, आणि 'नाही' म्हटलं तरी प्रवेश मिळेल हे ठळक लिहिलेलं हवं.

घोडाभाऊ, 'अठरा पूर्ण, स्वतःहून' ही तुमची सुधारणा कागदावर ठीक आहे. पण सव्वाशेतल्या अशा कितीजणी नाव देतील? समजा बारा. मग बाकीच्यांना 'तू का नाही दिलंस' हे विचारलं जातं आणि प्रायोजकाला बारा फोटो कमी पडतात. चौथ्या फेरीपर्यंत तो म्हणतो, अठराखालच्या मुलींचाही गट सुरू करू या. अट तिथून सरकायला लागते.

---

घोडा_अडीच_घरं :

बारा फोटोंचा मुद्दा खरा आहे, तो मला सुचला नव्हता. स्ट्रीमिंगचं उदाहरण मात्र मागे घेत नाही. फक्त तिथेही चॅनल खेळाडूचं, कॅमेरा तिचा, आलेले पैसेही तिचेच, हे ताईंचंच म्हणणं निघतं.

---

तिरपा_उंट :

सगळ्यांचे आभार. समितीसमोर ठेवायला पुरेसं आहे. पण माझा तिसरा प्रश्न तसाच आहे. प्रायोजकाला 'सौंदर्य' हा शब्द हवाय, त्याच्या मालाशी तो जुळतो. नुसतं 'प्रायोजित' म्हणून फलकावर नाव टाकू म्हटलं तर तो ५०,००० देणार नाही, ५,००० देईल.

---

पटावरची :

मग त्याला सौंदर्यच द्या. बुद्धिबळात सौंदर्याचं बक्षीस दीडशे वर्षं जुनं आहे, फक्त ते डावाला मिळतं. १८७६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत हेन्री बर्डला जेम्स मेसनविरुद्धच्या डावासाठी चांदीचा चषक मिळाला, तो अशा पारितोषिकांतला पहिला मानतात. 'सर्वांत सुंदर डाव, अमुक यांच्यातर्फे.' प्रायोजकाला त्याचा शब्द मिळाला, रोज एक बातमी मिळाली आणि चार-सहा दिवस सलग नाव झळकलं. मुकुटाची बातमी एकाच संध्याकाळची असते.

५०,००० ची फोड अशी करता येईल. प्रत्येक फेरीचा सुंदर डाव ३,००० रुपये, नऊ फेऱ्यांचे २७,०००. संपूर्ण स्पर्धेतला सर्वांत सुंदर डाव १३,०००. वाचकांची पसंती ५,०००. उरलेले ५,००० चषक, छपाई आणि परीक्षकांच्या चहापाण्याला. वाचकांच्या पसंतीसाठी नऊ विजेते डाव नावं झाकून टाका, 'पांढरी' आणि 'काळी' एवढंच. लोकांना मतदान हवंय ना, ते चालीवर करू द्या. बॉट इथेही येतील, म्हणून ती रक्कम सगळ्यात लहान ठेवलीय.

पद्धत. तीन परीक्षक, किमान एक जण आंतरराष्ट्रीय मास्टरच्या ताकदीचा, तिघांपैकी कुणाचीही शिष्या किंवा नात्यातली मुलगी स्पर्धेत नसावी. हे आपल्याकडे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या चारेक शिष्या पटावर असतातच. बाहेरच्या जिल्ह्यातला परीक्षक घ्या, त्याला यायची गरज नाही, डाव पाठवता येतात. खेळाडूने स्वतः आपला डाव सुचवायचा, फेरी संपल्यापासून दोन तासांत. नव्वद अधिक तीसच्या वेळेत साठ चालींचा डाव जास्तीत जास्त चार तास चालतो, त्यामुळे दिवसाला दोन फेऱ्या असतील तर सकाळच्या फेरीचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळीच लावा. घाई केलीत तर परीक्षक शेवटच्या बलिदानाकडे (मुद्दाम दिलेल्या मोहऱ्याकडे) बघून टिकमार्क करतात.

चुकतं कुठे? एक, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) दाखवतं तो अचूकतेचा टक्का बघून डाव निवडणं. पंचवीस चालींची घरची तयारी आणि पुढे समोरचीची घोडचूक, अशा डावाची अचूकता ९८ दाखवते आणि त्यात सौंदर्य शून्य. इंजिन फक्त बलिदान बरोबर होतं का हे तपासायला वापरा. थोडं चुकीचं पण पटावर खंडन करायला अतिशय कठीण असं बलिदान बाद करू नका. तो निर्णय परीक्षकांचा. दोन, फक्त वजीर देऊन मात केलेले डाव निवडले जातात. शांत प्याद्याची चाल, हत्तींच्या अंतिम स्थितीत वाचवलेली बरोबरी, यांनाही बक्षीस मिळू शकतं असं पत्रकात स्पष्ट लिहा, नाहीतर बरोबरी झालेले डाव कुणी सुचवतच नाही. तीन, एकाच खेळाडूला पाच फेऱ्यांची बक्षिसं. फेरीचं बक्षीस एका खेळाडूला जास्तीत जास्त दोनदा, अशी मर्यादा घाला.

विजेतीचा फोटो? हवा तर काढा. पटासमोर, तिने निवडलेल्या स्थितीसह, तिची आणि पालकांची संमती घेऊन. प्रायोजकाला तो जास्त उपयोगी पडेल, कारण त्यात सांगण्यासारखं काहीतरी आहे.

---

सांख्यिकी_काका :

ताईंच्या योजनेला एक पुरवणी. सुंदर डावाची बक्षिसं वरच्या वीस पटांवरच फिरतील, कारण तिथे खेळ चांगला. खालच्या शंभरजणींसाठी अपेक्षेपेक्षा जास्त गुणांचं बक्षीस ठेवा. प्रत्येक डावात रेटिंगच्या फरकावरून अपेक्षित गुण फिडेच्या कोष्टकात मिळतात; दोनशेचा फरक असेल तर वरचीला साधारण ०.७६, खालचीला ०.२४. नऊ डावांची बेरीज करायची आणि मिळवलेल्या गुणांतून वजा करायची. सगळ्यात मोठा फरक जिचा ती विजेती. रेटिंग नसलेल्या खेळाडूंना यात धरू नका, गणित कोलमडतं. आणि किमान सात डाव रेटिंग असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी झालेले हवेत, बाय (जोडीदार नसल्याने न खेळता मिळणारा गुण) किंवा गैरहजेरीचे गुण मोजायचे नाहीत.

---

रांगेतली_आई :

पालकांच्या बाजूने एकच मुद्दा, जो आयोजकांच्या हिशेबात कधी नसतो. चौदा वर्षांची मुलगी बाहेरगावी एकटी जात नाही. म्हणजे खर्च कायम दोघांचा: दोन तिकिटं, दोन जेवणं, खोली एक पण पाच-सहा दिवस, शिवाय पालकाची रजा. त्याच वयाच्या मुलाला बरेच घरचे प्रशिक्षकाबरोबर चार जणांत पाठवून देतात. मुली गळतात त्यातल्या पुष्कळशा इथे गळतात, पटावर हरून नव्हे.

मुख्य बक्षिसांत काही लवचीकता असेल तर दहाव्या ते पंधराव्या क्रमांकाची पाचशे-हजारांची बक्षिसं काढून टाका आणि तो पैसा बाहेरगावच्या मुलींसोबतच्या एका पालकाच्या राहण्या-जेवणात घाला. आणि पालकांना बसायला जागा द्या, जिथून पट दिसत नाही पण चहा मिळतो. बहुतेक ठिकाणी आम्ही जिन्यात असतो.

घोडाभाऊंनी वर सोवळेपणाचं म्हटलं म्हणून सांगते. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की स्त्रियांना स्पर्धेतून अडवता येणार नाही. त्या वेळी 'मुलीने इथे बसावं का' असं विचारत होते. आता बसायला देतात आणि फोटो मागतात.

---

तिरपा_उंट :

'सुंदर डाव' हा प्रस्ताव लिहायला घेतोय, फोड ताईंची तशीच ठेवतो. अपेक्षेपेक्षा जास्त गुणांचं बक्षीस मुख्य निधीतून, आणि दहा ते पंधरा क्रमांकांचं काय ते समितीत मांडतो, तिथे आरडाओरडा होणार.

एक व्यावहारिक अडचण. आमच्याकडे थेट प्रक्षेपणाचे डीजीटी पट (चाली आपोआप नोंदवणारे) फक्त दहा आहेत. अकराव्या पटापासून खालचे डाव परीक्षकांपर्यंत कसे पोचवायचे?

---

घड्याळ_थांबवा :

कार्बन प्रतीच्या गुणपत्रिका (खेळाडू चाली लिहितात ते कागद) वापरा, वरची प्रत तुमच्याकडे राहते. सुचवलेलेच डाव टंकायचे, सगळे साठ नाही. अट घाला, की डाव सुचवणारीने तो स्वतः फोनवर टाकून पीजीएन फाइल (डावाच्या चालींची फाइल) पाठवायची, तुम्ही फक्त वरच्या प्रतीशी ताडून बघायचा. एका डावाला पाच मिनिटं लागतात. लहान मुलींची अक्षरं वाचता येत नाहीत आणि घोड्याची चाल कोणत्या घोड्याची हे त्या लिहीत नाहीत, तेव्हा दोघींच्या गुणपत्रिका समोर ठेवूनच ताडा. आणि ताडायला बसणारा माणूस पंच नसावा, पंचाला तेव्हा पुढच्या फेरीची जोडणी लावायची असते.